बुकपोस्ट

रावपुऱ्याच्या टपालात सत्तावीस वर्षं
मी पत्रं लावली.
गाव, गल्ली, नाव. हात आपला चालत राहतो,
डोळा नुसता साक्षीला.

एकशे त्र्याहत्तर नंबरच्या पेटीपाशी मात्र
हात अडायचा.
दाहोद, नडियाद, जळगाव, एकदा थेट दिब्रुगढ.
पाठवणाऱ्याचं नाव एकाही पाकिटावर नाही.
गोंद दोनदा लावलेला, वर चिकटपट्टी.
इतकं घाबरून माणसं
पैसे पाठवतात, नाहीतर खरं.

पेटी कुमुदिनी दिघ्यांची.
मुलींना भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या,
शनिवारी साडेचारला यायच्या, रेक्झिनची पिशवी घेऊन.
बाहेर तरलाबेन, लुना चालूच ठेवून उभ्या.
‘एकदा बंद केली की परत सुरू नाही व्हायची,’
म्हणायच्या,
लुनाबद्दलच.

दर दोन महिन्यांनी चार पानांचं पत्रक निघे.
‘शेजार’ नाव.
त्या शब्दात शेज आहे, हे कळायला
मला सहा वर्षं लागली.
तोवर मी त्यांना सांगत होतो,
बाई, बुकपोस्टाने टाका, निम्म्यात जाईल.
‘बुकपोस्टाला पाकीट उघडं ठेवावं लागतं ना?’
नियम आहे.
‘मग नको. अजून नको.’
आणि पूर्ण दराची तिकिटं मोजून घ्यायच्या,
पेन्शनीतून, एकशे चाळीस.

डभोईच्या दोन मुलींना
पोलिसांनी स्टेशनवरून उचललं, त्या रात्री
बाई चौकीच्या बाकावर बसल्या. डब्यात थेपले.
दर तासाला उठून एकच प्रश्न:
साहेब, सज्ञान म्हणजे किती वर्षं?
तेवढं सांगा, मी जाते.
पहाटे हवालदारानेच वैतागून सांगितलं, अठरा.
‘त्या एकोणीस आणि वीसच्या आहेत,’ म्हणाल्या,
आणि त्यांना थेपले वाढले.
हे मला तरलाबेननी सांगितलं.
बाईंनी पुढच्या अंकात लिहिलं ते फक्त कलम,
तारीख, आणि कुठल्या वकिलाची फी परवडते.

एका बुधवारी मीही एक पाकीट
त्या पेटीत सरकवलं.
तिकीट नाही, शिक्का नाही. आतल्या बाजूने.
शनिवारी बाई खिडकीशी:
‘हे नॉटपेड आलंय. दुप्पट ना?’
असू द्या, म्हटलं.
‘का असू द्या? नियम आहे.’
नाणी मोजली. पावती मागितली.
माझ्या खिशावरची पट्टी वाचली, सावकाश,
नकाशात एखादं लहान गाव शोधावं तशी.

उत्तर घरी आलं. साधं टपाल.
माझं नाव आडनावासकट, वळणदार, टपोरं.
लग्नपत्रिकांवरसुद्धा
इतकं स्वच्छ मला कुणी लिहिलं नव्हतं.
आत काय होतं ते राहू दे.

बाई गेल्या अकराच्या उन्हाळ्यात.
पेटीचं भाडं थकलं, पण पेटी बंद झाली नाही.
कुणी भरलं, ते रजिस्टरात आहे.

मग निकालाचा तो सप्टेंबर.
गणपतीच्या वर्गण्या, खांडेराव मार्केटात फुलं महाग,
आणि तरलाबेन रिक्षातून उतरल्या, काठी टेकत,
मोठी थैली घेऊन.
‘शेवटचा अंक. बुकपोस्ट.’
एकशे एकोणीस पाकिटं, सगळ्यांची तोंडं उघडी.
नियमाप्रमाणे मी एकात डोकावलो.
पहिल्या पानावर दोघींची नावं,
‘क.’ आणि ‘त.’ नाही. पूर्ण.

खाली आणखी एकवीस होती, बंद, चिकटपट्टी लावलेली.
‘यांना अजून वेळ आहे,’ म्हणाल्या,
आणि पूर्ण दराचे पैसे वेगळे मोजले.
बाईंच्याच हातचा हिशेब.

मग एकच उरलं. माझ्या पत्त्याचं.
‘तमारूं?’

मागे रांगेत पाचजण. पटेल पुढच्या खिडकीतून बघतोय.
गोंदाची वाटी माझ्याच हाताशी होती.
ती मी सरकवली.
कुठल्या बाजूला, ते
हे तुम्ही वाचताय, म्हणजे कळलंच.